जीवनलेखनाचा प्रौढ वर्ग : बहिःशाल शिक्षणापासून ऑनलाइन अभ्यासक्रमापर्यंत

इंग्लंडमध्ये प्रौढांसाठी चालविल्या जाणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत जीवनलेखन या विषयाला आज मानाचे स्थान आहे. आत्मचरित्र, आठवणी, रोजनिशी आणि पत्रे यांचे वाचन करावयाचे आणि त्याबरोबरच स्वतःच्या आयुष्याविषयी लिहावयाचे, असे या अभ्यासक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप असते. बहुतेक ठिकाणी हा विषय सर्जनशील लेखनाच्या शाखेत मोडतो. निवेदनाचा सूर, प्रसंगांची निवड, संवादांची रचना यांविषयी त्यात मार्गदर्शन मिळते. परंतु प्रौढ शिक्षणाच्या इतिहासात आत्मचरित्राचा प्रवेश साहित्याच्या दाराने झाला नव्हता. तो इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गातून झाला. हा विषय एका शाखेतून दुसऱ्या शाखेत कसा गेला आणि त्या प्रवासात त्याने काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये आपल्या परिसराबाहेर व्याख्याने देण्यास प्रारंभ केला आणि ऑक्सफर्डने १८७८ मध्ये त्याचे अनुकरण केले. महाराष्ट्रातील विद्यापीठांत जे कार्य पुढे ‘बहिःशाल’ या नावाने परिचित झाले, त्याचा पूर्वज हाच होय. मात्र या व्याख्यानांतून श्रोता हा श्रोताच राहत असे. १९०३ मध्ये ॲल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी स्थापन केलेल्या आणि पुढे ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने ही पद्धत बदलली. जानेवारी १९०८ मध्ये लाँगटन आणि रॉचडेल येथे आर. एच. टॉनी यांनी तिचे पहिले दीर्घ मुदतीचे वर्ग घेतले. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. प्रत्येक बैठक दोन तासांची असे. त्यांतला एक तास व्याख्यानाला आणि दुसरा चर्चेला दिलेला असे. या दुसऱ्या तासाचे महत्त्व मोठे आहे. कुंभारकाम करणारा, सूतगिरणीत राबणारा माणूस आपल्या अनुभवाच्या बळावर शिक्षकाला तेथे अडवू शकत असे. सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावरील आपल्या १९१२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टॉनी यांनी या कामगार विद्यार्थ्यांच्या मैत्रीपूर्ण तडाख्यांचे ऋण मान्य केले आहे. पुस्तकांतून सहजी न मिळणारे ज्ञान त्यांच्याकडून मिळाले, असा त्यांचा आशय आहे. प्रस्तावनांतील कृतज्ञता पुष्कळदा औपचारिक असते. ही तशी वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वर्गांत शिकविणाऱ्यांची एक विलक्षण पिढी उदयास आली. रिचर्ड हॉगर्ट १९४६ ते १९५९ या काळात हल विद्यापीठाच्या, तर रेमंड विल्यम्स १९४६ ते १९६१ या काळात ऑक्सफर्डच्या बहिःशाल विभागात होते. ई. पी. टॉम्प्सन यांनी १९४८ पासून १९६५ पर्यंत लीड्स विद्यापीठाच्या वतीने यॉर्कशायरमधील गावोगावी वर्ग घेतले. हॉगर्ट यांच्या १९५७ च्या ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ या ग्रंथाचा पूर्वार्ध लीड्समधील हन्स्लेट या कामगार वस्तीतील त्यांच्या बालपणाच्या आठवणींवर उभा आहे. टॉम्प्सन यांच्या १९६३ च्या ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास’ या ग्रंथाचा आरंभच एका आठवणीने होतो. लंडन करस्पाँडिंग सोसायटीच्या १७९२ मधील पहिल्या बैठकीचे वर्णन तिचा संस्थापक टॉमस हार्डी याने अनेक वर्षांनी केले होते. हार्डी हा चर्मकार होता. सॅम्युएल बॅमफर्ड हा विणकर, १८१९ च्या पीटरलू हत्याकांडाचा साक्षीदार, याच्या आत्मकथनाचाही टॉम्प्सन यांनी विपुल उपयोग केला. परंतु तो डोळे मिटून नव्हे. वृद्धापकाळी लिहिणारा माणूस तारुण्यातील आपल्या आवेशाला कशी मुरड घालतो, हे त्यांनी सतत ध्यानात ठेवले. आत्मचरित्र हा पुरावा आहे, आणि पुरावा म्हटला की उलटतपासणी आलीच, ही त्यांची भूमिका होती.

हीच भूमिका ऑक्सफर्डमधील रस्किन कॉलेजात अधिक टोकाला नेली गेली. हे कॉलेज विद्यापीठाचा घटक नसून कामगार प्रौढांसाठी १८९९ मध्ये निघालेली स्वतंत्र संस्था होती. १९६२ पासून तेथे अध्यापन करणारे राफेल सॅम्युएल यांनी विद्यार्थ्यांनाच संशोधक केले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या ‘हिस्टरी वर्कशॉप’ या उपक्रमातून रेल्वे कामगाराने रेल्वे कामगारांच्या बोलीवर आणि पिंपे घडविणाऱ्या कारागिराने पूर्व लंडनमधील आपल्याच व्यवसायावर पुस्तिका लिहिल्या. अशा लेखकाचे स्वतःचे आयुष्य त्याच्या लेखनात असे, पण केवळ तेवढेच नसे. संघटनेची इतिवृत्ते आणि जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखती यांच्याशी ते ताडून पाहिलेले असे.

या वर्गाचे उदात्तीकरण मात्र करू नये. १९६९ च्या शरद ऋतूत भरलेल्या अशाच एका कार्यशाळेत स्त्रियांच्या इतिहासासाठी स्वतंत्र बैठक घ्यावी, अशी सूचना आली असता सभागृहात हशा पिकला. त्या हशाचे उत्तर म्हणून स्त्रियांनी १९७० च्या फेब्रुवारीअखेर रस्किनमध्येच परिषद भरविली आणि ती ब्रिटनमधील स्त्रीमुक्ती चळवळीची पहिली राष्ट्रीय परिषद ठरली. समोरासमोर बसणाऱ्या वर्गात अनुभवाला वाचा फुटते हे खरे. परंतु कोणाच्या अनुभवाला, हा प्रश्न तेथेही होताच. रात्रपाळी करणारा किंवा लहान मुले घरी ठेवून येऊ न शकणारी स्त्री यांची जागा त्या वर्गात रिकामीच राहत असे.

ही रिकामी जागा भरण्याचे श्रेय दूरशिक्षणाला दिले पाहिजे. सप्टेंबर १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. जेनी ली यांनी ती तडीस नेली. मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४,००० विद्यार्थ्यांसह अध्यापन सुरू झाले. पूर्वशिक्षणाची अट नव्हती. छापील पाठ, रात्री उशिरा प्रक्षेपित होणारे कार्यक्रम आणि समंत्रकाने तपासून टपालाने परत पाठविलेले गृहपाठ यांवर अध्ययन चाले. पुढे टपालाची जागा हळूहळू संगणकाने घेतली, आणि विद्यापीठाचे बीबीसीवरील ते रात्रीचे प्रक्षेपण २००६ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी या विद्यापीठाच्या सर्जनशील लेखनाच्या अभ्यासक्रमासाठी जे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले, त्यात कथा आणि कविता यांच्या बरोबरीने जीवनलेखनाला स्वतंत्र विभाग मिळाला. घटना योगायोगाची असली तरी ती सूचक आहे.

दरम्यान इतिहासकारांनी आपले काम थांबविले नव्हते. डेव्हिड व्हिन्सेंट यांनी १९८१ च्या ग्रंथात १४२ कामगार आत्मचरित्रांचा अभ्यास केला. जॉन बर्नेट आणि डेव्हिड मेयॉल यांच्या सहकार्याने त्यांनी संपादिलेली अशा आत्मचरित्रांची तीन खंडांतील सूची १९८४ ते १९८९ या काळात बाहेर पडली. ससेक्स विद्यापीठात १९७५ मध्ये खुल्या झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’च्या दप्तरात तर सामान्य माणसांच्या रोजनिश्यांचा मोठा साठा होता. म्हणजे साधनसामग्री वाढत होती. परंतु तिच्याशी प्रौढ वर्गाचा असलेला सांधा निखळत होता. २००० नंतर अनेक ब्रिटिश विद्यापीठांनी आपले बहिःशाल विभाग बंद केले किंवा इतर विभागांत विलीन केले. जीवनलेखन टिकले ते प्रामुख्याने लेखनकलेचा विषय म्हणून.

यात नेमके काय हरवले? लाँगटनच्या वर्गातील मजुराने एखाद्या वर्षीची मजुरी चुकीची सांगितली असती, तर शेजारी बसलेल्याने त्याला तेथेच टोकले असते, कारण दोघे एकाच भट्टीवर राबलेले. सहाध्यायी दूरदूरच्या गावांत, कित्येकदा निरनिराळ्या देशांत असतात, तेव्हा दुसऱ्याच्या बालपणाविषयी त्यांना काहीच ठाऊक नसते. ते ‘प्रसंग जिवंत झाला आहे’ किंवा ‘शेवट घाईचा वाटतो’ एवढेच सांगू शकतात. अभिप्राय सौजन्याचा असतो आणि अनेकदा उपयुक्तही. परंतु ती साक्ष नसते. सत्याची कसोटी नकळत शैलीच्या कसोटीला जागा देते. तंत्रज्ञानाला याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. जुनी वृत्तपत्रे, जनगणनेची पत्रके, नगरपालिकांची इतिवृत्ते आता घरबसल्या पाहता येतात, आणि टॉम्प्सन यांच्या विद्यार्थ्यांना ही सोय स्वप्नातही नव्हती. अडचण अभ्यासक्रमाच्या आखणीत आहे. आठवण लिहावयास सांगणारा गृहपाठ सर्वत्र आढळतो. तीच आठवण कागदपत्रांशी ताडून पुन्हा लिहावयास सांगणारा क्वचितच.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळी धार येते. येथे १ जुलै १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ कार्यरत आहे, तेव्हा दूरशिक्षणाची चौकट नवी नाही. आणि मराठीतील स्त्रियांची कित्येक आत्मचरित्रे हीच मुळी प्रौढ वयातील शिक्षणाची फळे आहेत. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक या दोघींचे अक्षरशिक्षण विवाहानंतर, पतीच्या हातून झाले. बेबी कांबळे यांनी संसार आणि दुकान सांभाळताना रद्दीच्या कागदांवरून वाचन पुन्हा हस्तगत केले. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. ही पुस्तके साहित्य म्हणून शिकविली जातात. शिक्षणाच्या इतिहासाची साधने म्हणून त्यांच्याकडे त्या मानाने कमी पाहिले जाते.

उलटतपासणीला योग्य अशी सामग्री तर एकाच कुटुंबात उपलब्ध आहे. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. १८८९ मध्ये निघालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात बाया विधवा विद्यार्थिनी म्हणून शिकल्या, १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरूडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. धाकट्या बहिणीने वैधव्यातच राहून शिक्षण घेतले, पुनर्विवाह नाकारला आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचले. आश्रमाला दिलेला पैसा संस्थापकाच्या हिशेबात त्याग म्हणून नोंदला जातो; संसार चालविणाऱ्या पत्नीच्या हिशेबात तोच घरातून गेलेला पैसा असतो. तीन माणसे, एकाच घराची तीन कथने, आणि त्यांना लागून आश्रमाचे अहवाल.