द्विदल राज्यपद्धती आणि आर्थिक उत्तरदायित्व : मुंबई प्रांत (१९२१-१९३७)

१९१९ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९२१ पासून मुंबई प्रांतात द्विदल राज्यपद्धती अमलात आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती कायदेमंडळास जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आली. वित्त व पोलीस ही खाती राखीव राहिली.

कायदेमंडळास खर्चाचा जाब विचारता येई. परंतु भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे वेतन मतदानाच्या कक्षेबाहेर होते. राखीव खात्याची नामंजूर झालेली मागणी गव्हर्नर 'अत्यावश्यक' ठरवून पूर्ववत करू शके. मंत्र्यांच्या हाताखालील वरिष्ठ अधिकाऱ्यांस बडतर्फ करण्याचा अधिकारही मंत्र्यांना नव्हता. शिक्षणमंत्री र. पु. परांजपे यांच्या कारकीर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा संमत झाला. मात्र तिजोरीच्या किल्ल्या राखीव वित्त खात्याकडेच होत्या. पुढे १९२४ च्या मुडिमन समितीचे सदस्य या नात्याने परांजपे यांनी द्विदल पद्धती अपयशी ठरल्याचा निष्कर्ष काढणाऱ्या अल्पमत अहवालावर स्वाक्षरी केली.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली, तरी सनदी अधिकाऱ्यांचे वेतन मतदानाबाहेरच राहिले. सारांश, पैसा व सेवकवर्ग यांवरील नियंत्रणाविना सोपविलेली सत्ता उत्तरदायी ठरू शकत नाही. तेथे जाब मंत्र्यास विचारला जातो आणि निर्णय अन्यत्र होतो.