चतुःसीमेतली बोडी

माझ्या आजोबांच्या, आबाजींच्या, पत्र्याच्या पेटीत एक खरेदीखत होतं. घड्यांवर विरलेलं, शाई तपकिरी पडलेली. वर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड, जिल्हा चांदा, तहसील ब्रह्मपुरी’ आणि खाली शेताची चतुःसीमा : पूर्वेस नाला, दक्षिणेस गाडवाट, उत्तरेस शेजाऱ्याचा धुरा, पश्चिमेस बोडी. लहानपणी ते मला हे मोठ्यानं वाचायला लावत आणि मग स्वतः बोलू लागत.

त्यांच्या वडिलांच्या लहानपणी ब्रह्मपुरी तहसील वैनगंगेपारच्या जमीनदाऱ्यांपर्यंत पसरली होती. पेशीसाठी माणसं डोंग्यानं नदी उतरून, शिदोरी बांधून येत. 1905 मध्ये गडचिरोली तहसील झाली आणि नदीपारची ती वर्दळ ओसरली. पुढं छोटी रेल्वे आली. मालगुजारी गेली. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. चांद्याचं चंद्रपूर झालं. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हाच निराळा झाला. खतावरच्या मथळ्यातलं ब्रह्मपुरी तेवढं टिकलं. चतुःसीमेतला मात्र एकही शब्द बदलला नव्हता.

आबाजींचा जीव त्या पश्चिमेच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात. तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासूनची. म्हणून झाडीपट्टीत गावोगावी तलाव. हस्त कोरडा गेला आणि धान निसवायला आला की आबाजी पहाटेच फावडं घेऊन पाळ फोडत. हातभर रुंद चीर. तिच्यातून गढूळ पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरे. सगळ्यात खालची बांधी भिजली की ते चिखलानं चीर बुजवत आणि वरून पायानं दाबत. “बोडी आटली का घरबी आटते, बापू,” एवढंच म्हणत.

आज आमच्या शिवारातल्या दोन बोड्या मुरूम टाकून बुजवल्या आहेत, त्यांवर प्लॉट पडलेत. इतक्या राजवटींत जे पाणी जागचं हललं नाही, ते आपल्या डोळ्यांदेखत जातं आहे, याचं मला फार दुःख आहे.

तुमच्या घरातही अशी एखादी पेटी असेल. तिच्यातलं खत काढा, चतुःसीमा वाचा. बोडी लिहिलेली असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून तिथवर जा. पाणी असेल, तर पाळ धरून ठेवा.