शाळेतील परिचारिका

आपल्या देशातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ १९०९ सालापासून मोजतात. त्या वर्षी बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम झाली. परंतु तपासणी झाली म्हणजे मूल बरे झाले असे नव्हे, हा धडा न्यूयॉर्क शहराने त्यापूर्वीच घेतला होता. तोही मुलांच्या शिक्षणाची किंमत देऊन.

तेथे १८९७ साली शाळांतून डॉक्टरांची फेरी सुरू झाली. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, डोक्यातील उवा असे काही आढळले की डॉक्टर मुलाला घरी धाडीत. संसर्ग टळावा हा हेतू रास्तच होता. पण घरी गेलेल्या मुलाचे पुढे काय? शहराच्या पूर्व भागातील दाट वस्तीत कितीतरी कुटुंबे युरोपातून नुकतीच आलेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा अर्थ आईला उमगत नसे, उपचार होत नसे, आणि दिवसभर रस्त्यावर हिंडलेले मूल शाळा सुटताच त्याच सोबत्यांत जाऊन मिसळे! संसर्ग काही टळत नव्हता. बुडत होती ती मात्र शाळा.

हेन्री स्ट्रीटवरील सेवाकेंद्राच्या संस्थापिका लिलियन वॉल्ड यांनी आपल्या आठवणींत लुई नावाच्या बारा वर्षांच्या मुलाची हकीकत दिली आहे. डोक्यावरील त्वचारोगामुळे त्याला शाळेत घेत नसत. दवाखान्यातून मलम मिळाले होते, पण ते नीट, नेमाने लावले जात नव्हते. वॉल्डबाईंनी ते काम अंगावर घेतले आणि मुलगा शाळेत जाऊन बसला.

पुढे १ ऑक्टोबर १९०२ रोजी याच केंद्रातील लीना रॉजर्स या मूळच्या कॅनडाच्या परिचारिकेला चार शाळांवर नेमण्यात आले. मुले सुमारे दहा हजार, मुदत एका महिन्याची. रॉजर्सबाई किरकोळ विकारांवर शाळेतच औषध लावीत; मग मुलांच्या घरी जाऊन आयांना उपचार समजावून देत, करून दाखवीत. माझ्या मते खरे औषध या घरांचे जिने चढण्यातच होते.

प्रयोग साधला आणि आणखी परिचारिका नेमण्यात आल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेतून घरी धाडले होते. पुढील वर्षीच्या सप्टेंबरात तो आकडा १,१०१ वर आला. एवढ्या अवधीत रोगराई नाहीशी झाली, असे मात्र कोणी समजू नये. खरूज होतीच. पूर्वी तिच्यापायी मूल घरी जाई; आता ते औषध लावून घेऊन पुन्हा आपल्या बाकावर जाऊन बसे.