सांगलीतील समवयस्क शिक्षण आणि एच.आय.व्ही. प्रतिबंध : समुदायाच्या दृष्टिकोनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
भारतात एच.आय.व्ही. संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथील वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांतून झाली. परिणामी या स्त्रियांना रोगाचे उगमस्थान मानण्याची वृत्ती बळावली. समवयस्क शिक्षण म्हणजे समुदायातीलच व्यक्तीला प्रशिक्षित करून तिच्यामार्फत माहिती व निरोध पोहोचविणे होय. या पद्धतीला सांगलीतील समुदायाने कोणता अर्थ दिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

संदेशवाहक ते प्रतिनिधी :
१९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याच वर्षी सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्थेने (संग्राम) या स्त्रियांमध्ये कार्य आरंभिले. निरोधाची माहिती असणे पुरेसे नव्हते. एकीने आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाई. म्हणून निर्णय सर्वांनी मिळून घेणे आवश्यक होते. शिवाय पोलिसांचा जाच, गुंडांची दहशत आणि रुग्णालयातील अवहेलना हे प्रश्न समुदायाला रोगाइतकेच निकडीचे वाटत होते. या जाणिवेतून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद (वॅम्प) स्थापन झाली आणि समवयस्क शिक्षणाची सूत्रे स्त्रियांच्या स्वतःच्या संघटनेकडे आली. कोलकात्यातील सोनागाछी प्रकल्पातूनही १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उदयास आली होती.

संघर्षाचे प्रसंग :
एड्स निवारणासाठी निधी घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायास विरोध जाहीर करावा, अशी अट अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने घातली. संग्रामने ती नाकारून २००५ मध्ये निधी सोडला. ज्यांचा विश्वास हाच कार्याचा पाया, त्यांच्याच उपजीविकेचा निषेध करणे या पद्धतीच्या मुळावर येणारे होते. दुसरी विसंगती देशांतर्गत होती. आरोग्य विभाग निरोध वाटत असे, तर पोलीस तोच निरोध गुन्ह्याचा पुरावा मानत. निरोध पुरावा मानू नये, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिला.

निष्कर्ष :
शासकीय कार्यक्रमाच्या दृष्टीने समवयस्क शिक्षिका ही संदेश पोहोचविणारे माध्यम होती. समुदायाच्या दृष्टीने ती आपली प्रतिनिधी होती. समाजाचे रक्षण व्हावे म्हणून या स्त्रियांना शिक्षण देणे आणि त्यांचे स्वतःचे प्राण मोलाचे आहेत म्हणून देणे, यांतील अंतर सांगलीच्या अनुभवाने स्पष्ट केले. या चळवळीचे ऐतिहासिक महत्त्व यातच सामावलेले आहे.