विम्याच्या कागदावर कलेचं मोल
(नाशिक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



विमा हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. एजंट दारात आला की आपण ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण भारतीय चित्रपटाच्या पहिल्या भांडवलात विम्याच्या कागदाचा वाटा होता, आणि तो कागद आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा होता. म्हणून आज एकच प्रश्न घेतो : विम्याने कलावंताच्या आयुष्याला किंमत दिली, ती त्याच्या कलेला का मिळाली नाही?

थोडं मागून सुरू करू. विमा आपल्याला इंग्रजांनीच शिकवला, हे अर्धंच खरं आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सावकारांकडे ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल बंदरात सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे. जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. म्हणजे जोखीम वाटून घेण्याची कल्पना आपल्याकडे होती. मात्र ती मालाची होती, माणसाची नव्हती. आयुर्विम्याची कंपनी इथे १८१८ मध्ये कलकत्त्यात निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. पुढे भारतीयांना विमा मिळू लागला, तरी त्यांच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल ही संस्था उभी राहिली आणि तिने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली.

१८७० हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ३० एप्रिलला त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले.

फाळक्यांचं चरित्र तुम्हाला पाठ आहे. छायाचित्रण, छपाई, मग चित्रपटाचं वेड. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले, कॅमेरा आणायला आणि तंत्र शिकायला. पैसा कुठून आला? त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या. पुढे चित्रपट पुरा करताना सरस्वतीबाईंचे दागिने गेले, ते आपण नेहमी सांगतो. पॉलिसीचं मात्र एका वाक्यात उरकतो. तिथे जरा थांबू या.

सावकाराने पॉलिसी का घेतली असेल? कारण त्या कागदावर सगळं लिहिलेलं असतं : कोणाचा विमा, किती रकमेचा, पैसे कधी मिळणार, कोण देणार. कर्जदार जगला तर तो फेडेल, मेला तर कंपनी देईल. उलट फाळक्यांच्या डोक्यात जो चित्रपट होता, त्याची किंमत कोणी ठरवायची? हातातल्या कसबाची पावती कुठे असते? माणूस मेला तर किती, हे ठरलेलं होतं. माणसाने काही घडवलं तर किती, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे भारतीय चित्रपट उभा राहिला तो कलेच्या तारणावर नव्हे, कलावंताच्या मरणाच्या तारणावर! कानाला कठोर वाटेल, पण व्यवहार तसाच आहे.

३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत कॉरोनेशनमध्ये लागला. त्यानंतर फाळके नाशिकला आले, इथेच कारखाना थाटला. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. नव्वदहून अधिक चित्रपट त्यांनी केले. आज त्यांतले किती बघायला मिळतात? मोजके, आणि त्यांतलेही बरेच तुकड्यांत. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की स्वतःचाच प्राणवायू तयार करते, पाण्यातही जळत राहते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये अशा जुन्या रिळांच्या साठ्याला आग लागली आणि पूर्वीच्या पिढ्यांचं काम गेलं. अशा आगीनंतर विम्याचा धनादेश आला असता तरी त्याने गोदाम उभं राहिलं असतं, रिळं परत आली नसती. १६ फेब्रुवारी १९४४ ला फाळके नाशिकमध्येच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या चित्रपटांचं स्मारक मात्र आपल्याला तुकड्यातुकड्यांनी जुळवावं लागतं.

आता कोणी म्हणेल, आगीचा विमा तर होताच की. होता. लंडनला १६६६ मध्ये मोठी आग लागली, त्यानंतर तो धंदा वाढला आणि पुढे आपल्याकडेही आला. पण आपल्या आग-विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. ‘आग व विशेष आपत्ती’ पॉलिसीत वर्षानुवर्षं एक कलम छापलेलं आहे. त्याचा अर्थ असा : दुर्मीळ वस्तू आणि कलाकृती यांची दहा हजार रुपयांपुढची भरपाई नाही, हस्तलिखितं आणि रेखाटनं यांची नाही, विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेल्या मालाचीही नाही, पॉलिसीत तसं स्पष्ट लिहून घेतलं असेल तरच.

मंडळी, या एका कलमात अख्खी चित्र-गॅलरी येते. भिंतीवरची चित्रं कलाकृती, म्हणून बाहेर. ती चित्रकाराची, विक्रीसाठी ठेवलेली, म्हणून पुन्हा बाहेर. राहिली काय? भिंत, दिवे आणि खुर्च्या. यात कंपनीचा कावा आहे असं मी म्हणत नाही. तांब्याच्या घंगाळ्याचा भाव वजनावर काढता येतो, चित्राचा काढता येत नाही. म्हणून कंपनी म्हणते, आधी सांगा, आधी ठरवा, मग लिहू.

आपल्या शहराला हे पुराने वारंवार शिकवलंय. १९६९, २००८, २०१६, २०१९. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की भांडी बाजार आणि सराफ बाजार माल वर चढवायला लागतात, ही आपली पिढीजात पूरपट्टी. पण माल वर चढवायला वेळ मिळाला नाही तर? समजा दुकानात २० लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवायला विमा १० लाखांचाच काढलाय. पुरात ४ लाखांचं नुकसान झालं. दुकानदार म्हणतो, माझा विमा १० लाखांचा, ४ लाख सहज मिळतील. सरासरीच्या अटीने मिळतात २ लाख. तुम्ही निम्म्याचाच विमा काढला, तर निम्मी जोखीम तुमची.

आता येवल्याकडे वळू. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विणकरासाठी सरकारने विमाही आणला. ‘महात्मा गांधी बुनकर विमा योजने’त वर्षाचा हप्ता ४७० रुपये, त्यातले २९० केंद्र सरकारचे, १०० आयुर्विमा महामंडळाकडून आणि विणकराचे ८०. नैसर्गिक मृत्यूला ६० हजार, अपघाती मृत्यूला दीड लाख. पुढे जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजना आल्या. आज त्यांचे हप्ते ४३६ आणि २० रुपये आहेत, प्रत्येकीचं संरक्षण २ लाखांचं. हे चांगलंच आहे, घरातला कर्ता गेला तर उपयोगी पडतं. पण पुन्हा बघा, विमा कशाचा? माणसाचा. १९१२ मध्ये फाळक्यांकडे होता तसाच.

आणि मागावरची पैठणी? भारी नक्षीची असेल तर ती महिनोन्‌महिने मागावर असते. रेशीम आणि जर बऱ्याचदा व्यापाऱ्याची, मेहनत विणकराची. चार महिन्यांचं काम झालंय, पदर उतरायचाय, आणि खड्डामागात पावसाचं पाणी शिरलं. नुकसान कोणाचं? व्यापारी म्हणेल माझं रेशीम गेलं. विणकर म्हणेल माझे चार महिने गेले. रेशमाची पावती निघते, चार महिन्यांची निघत नाही. विमा पावतीमागे जातो.

मग करायचं काय? इतिहास सांगणाऱ्याने उपदेश करू नये, पण इतिहासातूनच निघतं तेवढं सांगतो. मोल आधी कागदावर आणा. चित्र गॅलरीत देताना यादी करा, फोटो काढा, ठरलेली किंमत लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि ‘विश्वासाने ठेवलेला माल’ हे शब्द पॉलिसीत घालून घ्या. प्रदर्शनाला पाठवताना एका भिंतीच्या खिळ्यावरून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा विमा मागा, तो मिळतो. घरातल्या मौल्यवान वस्तूंसाठी ठरावीक मूल्याचं संरक्षण १ एप्रिल २०२१ पासून घरविम्याच्या प्रमाणित पॉलिसीत जोडून घेता येतं. येवल्यातल्या व्यापाऱ्यांनी आणि विणकरांनी मागावरच्या साडीची मजुरी टप्प्याटप्प्याने वहीत मांडली, तर निदान त्या चार महिन्यांना आकडा मिळेल. आकडा मिळाला की भांडता येतं.

विम्याने कला वाचत नाही. १९६२ मध्ये ‘मोनालिसा’ अमेरिकेला न्यायचं ठरलं, तेव्हा विम्यासाठी तिचं मूल्य दहा कोटी डॉलर धरलं होतं; शेवटी विमा काढलाच नाही, पैसा बंदोबस्तावर घातला. कारण ते चित्र पुन्हा कोणी काढणार नव्हतं. पण चित्रकार, विणकर, तांबट यांना उद्या पुन्हा कामाला बसायचं असतं. त्यांच्या हाताला दुसरी संधी मिळावी, एवढं विमा करू शकतो. फाळक्यांना ती संधी त्यांच्या आयुष्याच्या किमतीवर मिळाली. पुढच्या कारागिराला ती त्याच्या कामाच्या किमतीवर मिळावी, इतकीच अपेक्षा.