अल-जजरीचा कॅम आणि टायमिंग बेल्टचं बिल

टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल हातात आलं की गाडीमालकाचा प्रश्न ठरलेला: एवढ्याशा रबरी पट्ट्याचे इतके पैसे? पैसे पट्ट्याचे नसतात, तो बसतो त्या जागेचे असतात. पुष्कळ गाड्यांत इंजिनाला खालून जॅक लावून एका बाजूचं माउंटिंग सोडवावं लागतं, मग पुली, मग कव्हर. एवढं उघडलंच आहे तर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदला, असं मिस्त्री म्हणतो. लोकांना ती लूट वाटते. पण वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल, तर उद्या तो गळल्यावर हीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे, कॅमशाफ्टचा एक. एवढा हिशेब हा पट्टा सांभाळतो. तो तुटला तर अनेक इंजिनांत उघडे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

क्रँक आणि कॅम म्हटलं की मला दियारबकर आठवतं. तिथल्या आर्तुकी सुलतानाच्या पदरी असलेल्या अल-जजरीने 1206 साली आपला ग्रंथ पुरा केला. त्यात 50 यंत्रं आहेत. एका नावेतले बाहुले वादक फिरत्या दांड्यावरच्या खुंट्यांनी हलतात, म्हणजे कॅमच. आणि पाणी उपसण्याच्या एका यंत्रात क्रँक आहे. यावरून ‘मोटारीचं इंजिन आपणच शोधलं’ असे मेसेज फिरतात. मला ते पटत नाहीत. खुद्द अल-जजरी इतका उतावीळ नव्हता. बगदादच्या बनू मूसा बंधूंचं नाव तो आदराने घेतो, आणि त्यांच्या कारंज्यांचे आकार फार झटपट बदलतात म्हणून आपण ती रीत घेतली नाही, हेही सांगतो. कारागिराने कारागिराला असंच वाचावं.

साखळीची कथा वेगळीच आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये सू सोंगच्या खगोल-घड्याळात गती पोचवायला साखळी होती. आजच्या रोलर चेनचं पेटंट 1880 मध्ये मँचेस्टरला हान्स रेनॉल्डने घेतलं. आपल्या अँबॅसेडर आणि पद्मिनीत कॅम खाली ब्लॉकमध्येच असल्याने आखूड साखळी पुरत असे. कॅम वर हेडमध्ये गेला तशी साखळी लांबली, आवाज करू लागली. 1962 मध्ये बव्हेरियाच्या ग्लास कंपनीने 1004 या गाडीत दातेरी रबरी पट्टा आणला. स्वस्त, शांत, तेलाची गरज नसलेला. पुढे फियाटने तो उचलला. 1983 पासून मारुती 800 मुळे तो आपल्या गल्लीतल्या गॅरेजातही आला.

आता अनेक कंपन्या पुन्हा साखळीकडे वळल्या आहेत. ‘आयुष्यभर चालते’ हे विक्रेत्याचं वाक्य मात्र अर्धंच घ्यावं. ऑइल वेळेवर बदललं नाही तर साखळीही ताणते, गाइड झिजतात, सकाळी इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते. आणि ते काम बहुधा पट्ट्यापेक्षा महाग पडतं. काही इंजिनांत तर पट्टाच तेलात बुडवला. चुकीचं ऑइल पडलं की त्याचं रबर सुटतं आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते.

जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून मीटरच्या आकड्याबरोबर पट्टा शेवटचा कधी बदलला त्याचं बिलही मागावं. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करायला सांगावा. पट्टा वर्षांनीही जुना होतो, फक्त किलोमीटरने नाही.