मागील पानावरून पुढे

बावीस वर्षे बँकेत खर्डेघाशी केल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, खाडाखोड मात्र लांबून दिसते. आमच्याकडे एक आकडा बदलला तरी शेजारी सही लागते. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पत्रिकेतला एक ग्रह खोडून दुसऱ्या घरात मांडलेला दिसला, तर मी भावी सासऱ्यांची तिथे सही घेतली होती. (ग्रह खरा कोणत्या घरात होता, ते पुढे अनुभवाने कळले.)

अशा या माणसाला पुतण्याने अमेरिकेतल्या ‘द होली मोडल राउंडर्स’ या जोडगोळीची १९६४ सालची पहिली तबकडी ऐकवली. पीटर स्टँपफेल व्हायोलिन आणि बँजो वाजवतो, स्टीव्ह वेबर गिटार. गातात दोघे मिळून, म्हणजे दोन टोके धरून सतरंजी झटकावी तसे. गाणी बहुतेक जुनी, पण शब्द जागोजाग बदललेले.

“अरे, हे चुकताहेत!”

“मुद्दाम, काका.”

मुद्दाम चूक? आमच्याकडे त्याला अफरातफर म्हणतात. मी चौकशी लावली.

त्या काळी न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात लोकगीतांची लाट होती. शहरी पोरांची गाथा म्हणजे हॅरी स्मिथ नावाच्या विक्षिप्त संग्राहकाने १९५२ साली फोकवेज कंपनीसाठी जमवलेला ८४ गाण्यांचा संच. गाणी घेतली होती १९२७ ते १९३२ या काळातल्या, दुकानात विकल्या गेलेल्या तबकड्यांवरून. आधीची का नाहीत? तर विजेवरचे स्वच्छ ध्वनिमुद्रण तेव्हा कुठे रुळत होते. नंतरची का नाहीत? तर मंदीने खप बसला. म्हणजे ज्याला सगळे सनातन परंपरा समजत होते, ती पाच-सहा वर्षांची विक्रीची वही निघाली!

१९५८ साली निघालेले ‘न्यू लॉस्ट सिटी रॅम्बलर्स’ ही जुनी गाणी मूळ ढंग सांभाळून, अदबीने वाजवीत. असे लोक कॅश काउंटरवर हवेत. स्टँपफेलचा प्रश्न वेगळाच होता: ते जुने गवई एकदम १९६३ सालात उतरले आणि त्यांनी रॉक अँड रोल ऐकले, तर ते काय गातील?

मी त्यांच्या ‘हेझिटेशन ब्लूज’चा मूळ कागद शोधायला बसलो. मागे गेलो तर १९३० साली उत्तर कॅरोलिनातला बँजोवाला गिरणी कामगार चार्ली पूल भेटला. त्याने तर गाण्याचे नावच बदलले होते. आणखी मागे, १९१५ साली, एकाच वर्षात दोन निरनिराळ्या छापील आवृत्त्या: एक डब्ल्यू. सी. हँडींची, दुसरी भलत्याच मंडळींची. त्यामागे नुसते तोंडी. खाते उघडल्याचा अर्जच नाही! जो आला त्याने खाडाखोड केली, सही एकाचीही नाही, आणि शिल्लक मात्र वाढत गेली.

राउंडर्सनी जमा केला तो ‘सायकेडेलिक’ हा शब्द. लोकप्रिय संगीतात तो पहिल्यांदा उमटला याच गाण्यात, असे सर्वसाधारणपणे मानतात. हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञाने १९५६ साली लेखक आल्डस हक्सलेंना लिहिलेल्या पत्रात तो घडवला होता. अर्थ, मन उघडे करणारा. डॉक्टरी पत्रातला शब्द आठ वर्षांत जुनाट गाण्यात जाऊन बसला.

इथे मला माझी आजी आठवली. ती जात्यावर ओव्या म्हणायची. दर वेळी शब्द निराळे. शाळकरी वयात मी त्या वहीत उतरवल्या आणि पुढच्या वेळी ती वेगळे म्हणाली की “आजी, चुकलीस!” म्हणून टोकू लागलो. हळूहळू ती माझ्यादेखत म्हणेनाशी झाली. आजी गेली. वही माझ्याकडे आहे. एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. पण चाल घरात कुणालाच येत नाही.

आमच्या जुन्या खतावणीत पान भरले की नव्या पानाच्या माथ्यावर लिहीत, ‘मागील पानावरून पुढे’. ती वही मी शेवटच्या पानावरच बंद करून ठेवली होती.

परवा अंघोळीच्या वेळी एक ओवी म्हणून पाहिली. चाल अंदाजाने लावली. तिसरा चरण आठवेना. वही न काढता पदरचा घातला आणि बाहेर येऊन बायकोला म्हटले, “बदल केलाय. सही कुणाची घेऊ?”

ती म्हणाली, “मी करते. पण आवाज जरा कमी करा.”